उताणा गळ

पोरगा देवगडला बँकेत. तिथनं कुरिअर आलं:
पाकिटात पंचवीस गळ, शिशाचे मणी,
आणि चिठ्ठी, अम्मा, ह्यावर माशा बांध.
जन्मभर हाकलल्या,
आता बांधायच्या?

फोनवर समजावत राहिला.
खरी माशी नव्हे गं, केसांची, पिसांची, सुताची.
तळातल्या माशाला ती कोळंबी वाटली पाहिजे,
वाळूवरनं सरपटणारी, जराशी घाबरलेली.
मी पाहिलेली कोळंबी मंगळवार बाजारातली,
सुकलेली, पावशेरावर मोजलेली.
घाबरली होती का, तोंडावरनं कळत नव्हतं.

बरं. दोरा मला शिकवायला नको.
बत्तीस वर्षं, रोज हजार बिड्या:
पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं,
तोंड दुमडून शेपटाला दोन वेढे, की तोडला.
गळावरही वेढे तेच.
फक्त इथं कुणी काडी लावणार नाही.

केस पेंटप्पाच्या बोकडाच्या मानेचे.
पिसं जाफर चिकनवाल्याची, फुकट, वर त्याचं हसू.
सूत घरातलंच. ह्यांनी सत्तावीस वर्षं
लूमवर मोर विणले, चादरीमागनं चादरी,
आणि बदामी रंग नेहमी काठाला ढकलला.
ते गेले. बॉबिनं पोत्यात राहिली.
आता पोरगा म्हणतो, मोरपंखी नको,
गढूळ पाहिजे, वाळूत मिसळणारं.
बघा की वो,
तुमचा बदामी लागला कामाला.

मणी म्हणजे डोळे. बांधायचे दांड्याच्या पाठीवर,
म्हणजे पाण्यात माशी उलटते,
टोक आभाळाकडं, खडकात अडकत नाही.
पाठीवर वजन दिलं की माणूस वाकतो.
ही उताणी होते.

पाणी आमच्याकडं पाचव्या दिवशी.
त्यातली एक बादली काढली, मूठभर मीठ टाकलं.
राजमणी बघत उभी. म्हणाली,
अत्ता, डाळ कशात शिजवू, समुद्रात?
पहिल्या नऊ माशा आडव्या पडल्या.
दहावी बुडाली, थबकली, वळली,
आणि तळाचा गाळ
एवढासा हलला.
राजमणीच म्हणाली, अय्यो, चालली.

पोरगा म्हणाला, हात लिंबानं धू,
तंबाखूचा वास आला की मासा तोंड फिरवतो.
लिंबू झालं, राख झाली, बेसन झालं.
वास आता हाताला नाही,
हातच वासाला आहेत.
तशाच पाठवल्या.

मग फोटो आला. लेप.
चपटा, पोळीगत, दोन्ही डोळे एकाच अंगाला.
पिल्लू असताना दोन बाजूंना असतात म्हणे,
मग एक डोळा सरकत सरकत इकडं येतो,
कारण खाली नुसती वाळू,
बघायचं काय?
मी गल्लीतल्या बायकांना दाखवला.
सूप मांडीवर, माना खाली,
एकेकीनं वर न बघताच मोबाईल घेतला.
सिद्धव्वा म्हणाली, हा निदान वरती बघतो.
आणि पुढचं पान उचललं.

गुरुवारी पोराचा आवाज पडलेला.
मोठा गोब्रा लागला होता, अम्मा,
खडकाखाली घुसला, दोरी तुटली,
तुझी सगळ्यात चांगली माशी गेली.
ठेकेदार शेकड्याला आठ-दहा बिड्या काढतो,
छाट म्हणतो, पैसे देत नाही, बिड्याही नाही.
छाट मला ठाऊक आहे.
ही छाट नव्हे.
ही कुठंतरी गोब्र्याच्या ओठात आहे,
ह्यांच्या बदामी सुतासकट, माझ्या वासासकट.
रडू नको म्हटलं, बांधते दुसरी.

संध्याकाळी बादली दारात ओतली.
वाळल्यावर शहाबादीवर
पांढरी, नागमोडी रेघ उरली.
राजमणीनं फडकं घेतलं.
म्हटलं राहू दे,
पाणी येईपर्यंत तरी.